आभाळातली नोकरी, जमिनीवरचे महिने

मेहकरहून मालेगावकडे निघाले की वाटेत डोणगाव लागते. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावाला विमानतळाशी काही देणेघेणे नाही. जवळची धावपट्टी म्हणजे अकोल्याच्या शिवणीची, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत १९४३ साली बांधलेली. पण नकाशा समोर घेऊन मुंबईपासून नागपूरपर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढली, तर ती मेहकरच्या अगदी जवळून जाते. या रेघेवर पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ विमाने ये-जा करत आहेत. ती चालवणाऱ्यांच्या नोकऱ्यांचे काय झाले, हा मात्र विदर्भातल्या घरांतून फारसा न बोलला गेलेला इतिहास आहे. आता अमरावतीत वैमानिक घडवणारी मोठी शाळा उभी राहत असताना तो सांगायला हवा.

त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर, मध्यरात्रीनंतर लिहिले गेले. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांचा तिच्यामागे आग्रह होता. योजना साधी आणि धाडसी होती. रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून एकेक विमान निघायचे. चारही विमाने मध्यरात्रीनंतर नागपुरात उतरायची. टपालाच्या थैल्या एका विमानातून दुसऱ्यात जायच्या आणि उजाडेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत पोचायचे. मुंबईत संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटपाला तयार असे. त्याच वर्षी साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची पद्धत सुरू झाली. देशाचा भौगोलिक मध्य म्हणून नागपूरला जो मान मिळतो, तो त्या काळी रोज रात्री अक्षरशः वापरात होता.

विमाने होती डकोटा. युद्धासाठी बनलेली, युद्ध संपल्यावर स्वस्तात विकली गेलेली. जे. आर. डी. टाटांचा या सेवेला विरोध होता. रात्री उतरण्यासाठी लागणारी दिव्यांची आणि दिशादर्शनाची सोय आपल्या विमानतळांवर पुरेशी नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यावरून त्यांचे व किडवाईंचे चांगलेच वाजले. हा विरोध व्यापारी हिशोबापोटी आहे, असे समजणारे सरकारात होते. पण टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला पहिले टपाल स्वतः पस मॉथ विमान चालवत आणले होते. पावसाळ्यात जुहूच्या मातीच्या मैदानात पाणी साचले की सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे, हे त्यांनी पाहिले होते. विमानाला जमीन किती लागते हे त्यांच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

ही टपालसेवा चालवायला पहिल्यांदा घेतली इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने. काही महिन्यांतच काम हिमालयन एव्हिएशनकडे गेले. १ ऑगस्ट १९५३ पासून ते इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनकडे आले. मार्ग तोच, विमानाचा प्रकार तोच, थैल्यांचे वजनही साधारण तेच. साडेचार वर्षांत मालक मात्र तीन झाले. इंडियन ओव्हरसीज पुढे बंदच पडली. भारतीय वैमानिकाच्या नोकरीचा सगळा स्वभाव या एका मार्गात दिसतो. काम कधी संपत नाही, ते देणारी कंपनी संपते. आणि जुनी कंपनी संपून नवी उभी राहीपर्यंत जे महिने जातात, त्यांचा भार उचलायला वैमानिकाच्या घराशिवाय कोणी नसते.

या सेवेचा एक मोठा घाव नागपूरच्या वाट्याला आला. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे मद्रासकडे निघालेले डकोटा सोनेगावहून उड्डाण करताच कोसळले. तेरा जण गेले, विमानाचा कॅप्टन तेवढा वाचला. मृतांमध्ये खासदार आणि कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री होते. राष्ट्रीयीकरणाला तेव्हा साडेचार महिनेही झाले नव्हते.

राष्ट्रीयीकरण का झाले, हे कळायला युद्धानंतरच्या बाजाराकडे पाहावे लागते. डकोटा स्वस्त होती, हवाई दलातून मोकळे झालेले वैमानिक हाताशी होते आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या देशात विमान कंपनी काढणे प्रतिष्ठेचे समजले जात होते. परवाने मागेल त्याला मिळत गेले. प्रवासी मात्र तेवढे नव्हते. मुंबईची अंबिका एअरलाइन्स, मद्रासची ज्युपिटर एअरवेज अशा कंपन्या काही वर्षांतच मिटल्या. १९५० साली सरकारने या धंद्याची चौकशी करायला समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांना दिले.

राजाध्यक्ष हे नाव आज बहुतेकांना आठवत नाही, आणि आठवले तर पहिल्या प्रेस कमिशनमुळे. पण त्याआधी त्यांनी टपाल-तार कर्मचाऱ्यांच्या तंट्यात निवाडा दिला होता. रेल्वे कामगारांनी किती तास काम करावे आणि त्यांना किती विश्रांती मिळावी, यावरचा १९४७ चा निवाडाही त्यांचाच. म्हणजे गाडी चालवणाऱ्या माणसाची झोप हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे समजलेला न्यायाधीश विमान कंपन्यांची हिशोबवही उघडून बसला होता. त्यांच्या समितीने स्पष्ट सांगितले की परवाने गरजेपेक्षा फार जास्त वाटले गेले आहेत आणि कंपन्यांनी एकत्र यावे. लगेच राष्ट्रीयीकरण करू नये, असेही सांगितले. कंपन्या एकत्र आल्या नाहीत. शेवटी १९५३ च्या कायद्याने आठ कंपन्यांच्या देशांतर्गत सेवा एका छपराखाली आणल्या गेल्या. इंडियन एअरलाइन्सच्या हाती पहिल्या दिवशी ७४ डकोटा, १२ व्हायकिंग आणि तीन डीसी-४ विमाने होती.

आठ कंपन्यांचे वैमानिक एका यादीत कसे बसवायचे, हा खरा अवघड प्रश्न होता. विमान कंपनीत पदवी, हुशारी, उड्डाणाचे तास हे सगळे मोजले जाते, पण शेवटी चालतो तो ज्येष्ठतेचा क्रमांक. मोठे विमान कोणाला, कमांड कोणाला आधी, दिवाळीत सुट्टी कोणाला, हे सगळे त्या क्रमांकावर ठरते. राष्ट्रीयीकृत बँकेतला कर्मचारी मेहकरहून नागपूरला बदलून गेला तरी त्याची सेवाज्येष्ठता त्याच्याबरोबर जाते. वैमानिकाने कंपनी बदलली की तो नव्या यादीच्या तळाशी. वीस वर्षे उडवणारा माणूस तिशीतल्या सहकाऱ्याच्या खाली येतो. म्हणूनच या व्यवसायात नोकरी बदलण्याचा निर्णय महिनोन्‌महिने घरात घोळत राहतो, आणि म्हणूनच कंपनी बुडणे हे वैमानिकाच्या बाबतीत इतर नोकरदारांपेक्षा जास्त खोल लागते.

त्यानंतरची चाळीस वर्षे तुलनेने स्थिर गेली. दोनच दारे होती: देशात उडायचे तर इंडियन एअरलाइन्स, परदेशी उडायचे तर एअर इंडिया. दाराआत जाणे कठीण, पण एकदा आत गेले की निवृत्तीपर्यंत चिंता नाही. एअर इंडियाच्या वैमानिकांचा इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन या दोन संघटना सरकारशी बरोबरीने बोलत. याच काळात सौदामिनी देशमुख यांच्यासारखी मराठी मुलगी १९८० साली इंडियन एअरलाइन्समध्ये आली आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता ते सिलचर या फॉकर विमानाची कॅप्टन झाली. सोबत सहवैमानिक निवेदिता भसीन. सगळा चालकवर्ग स्त्रियांचा असलेले हे देशातले पहिले उड्डाण. कंपनी उद्या असेल की नाही, ही धास्ती मनात नसली तरच एखादी स्त्री त्या काळात घरच्यांना आणि वरिष्ठांना इतक्या धीराने तोंड देऊ शकत होती. स्थिर नोकरीने काय साधते याचे हे मला दिसणारे सर्वांत चांगले उदाहरण आहे.

या स्थैर्याला तडा गेला तो १९९२ च्या डिसेंबरात. इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले. सरकारने माघार घेतली नाही. उझबेकिस्तानकडून चालकांसह विमाने भाड्याने आणली. ९ जानेवारी १९९३ रोजी त्यांतले एक टुपोलेव्ह दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटले. आतले सगळे जण जिवंत बाहेर आले, हे नवलच. नागरी उड्डाण मंत्री माधवराव शिंदे यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. संप मिटला, पण सरकारला आणि वैमानिकांनाही एक गोष्ट उमगली होती. दोनच दारांचे दिवस संपत आले होते.

कारण तिसरे, चौथे, पाचवे दार आधीच किलकिले झाले होते. १९९२ मध्ये मुंबईची ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स उडू लागली. १९९३ मध्ये दमानिया, मोदीलुफ्त, जेट आणि सहारा आल्या. १ मार्च १९९४ पासून १९५३ चा एकाधिकाराचा कायदा रद्द झाला. सरकारी कंपन्यांतले अनुभवी वैमानिक जास्त पगारावर खासगी कंपन्यांत जाऊ लागले. निर्णय सोपा दिसत होता. मग १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ईस्ट-वेस्टचे व्यवस्थापकीय संचालक थकीउद्दीन वाहिद यांचा मुंबईत खून झाला आणि पुढच्या वर्षी कंपनी बंद पडली. मोदीलुफ्तही १९९६ मध्येच थांबली. दमानिया चेन्नईच्या एनईपीसीने विकत घेतली आणि १९९७ पर्यंत तिचेही पंख मिटले. पहिल्या लाटेतल्या कंपन्यांपैकी जेट आणि सहारा तेवढ्या उरल्या. सरकारी नोकरी सोडून गेलेल्यांपैकी कित्येकांना पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागली.

वैमानिकाला दुसरी नोकरी शोधणे इतर तंत्रज्ञांपेक्षा अवघड का, हे इथे थांबून सांगायला हवे. वैमानिकाचा परवाना त्याला वाटेल ते विमान चालवू देत नाही. प्रत्येक जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण, वेगळे सिम्युलेटर, वेगळी परीक्षा. या नोंदीला टाइप रेटिंग म्हणतात. बोइंग ७३७ चा कॅप्टन उद्या एअरबस ए-३२० च्या डाव्या सीटवर बसू शकत नाही. त्यातही हात चालू ठेवावा लागतो. नव्वद दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन उतरणी झाल्या नाहीत तर प्रवासी नेता येत नाहीत. सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर तपासणी, वर्षाने इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, आणि वैद्यकीय चाचणी वेगळीच. ही सगळी चाके कंपनीच्या खर्चाने फिरतात. कंपनी बंद पडली की परवाना खिशात असतो, पण तो दर महिन्याला थोडाथोडा शिळा होत जातो. बेकार शिक्षक घरी शिकवणी घेऊ शकतो. बेकार वैमानिकाला घरी बसून उडता येत नाही, आणि सिम्युलेटरचा तास स्वतःच्या पैशाने घेणे हे पगार बंद झालेल्या माणसाला परवडणारे नसते.

दोन हजारनंतर चित्र पुन्हा पालटले. एअर डेक्कन २००३ मध्ये, किंगफिशर, स्पाइसजेट आणि गोएअर २००५ मध्ये, इंडिगो २००६ मध्ये. विमाने इतकी आली की वैमानिक पुरेनात. परदेशी कॅप्टन तात्पुरत्या परवानगीवर आणले गेले आणि भारतीय कॅप्टनची पळवापळवी सुरू झाली. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २००५ मध्ये नियम केला: वैमानिकाने सोडण्याआधी सहा महिने नोटीस दिलीच पाहिजे. २०१७ मध्ये कॅप्टनसाठी ती मुदत वर्षभराची झाली. प्रवाशांची गैरसोय टळावी हे त्यामागचे कारण. कारण खोटे नाही. पण नियमाचा तोल पाहा. वैमानिकाला जाण्याआधी वर्षभर सांगावे लागते. कंपनी मात्र आधी न सांगता बंद पडू शकते.

किंगफिशरने ते दाखवून दिले. महिनोन्‌महिने पगार थकल्यावर अभियंते आणि वैमानिक कामावर येईनात आणि १ ऑक्टोबर २०१२ पासून विमाने जमिनीवर थांबली. त्याच महिन्यात परवाना निलंबित झाला. भरतीच्या काळात भरमसाठ शुल्क भरून शिकलेले तरुण परवानाधारक त्या वर्षांत शेकड्यांनी घरी बसले होते. अनुभवी लोक आखातात गेले. दुबई, दोहा, अबुधाबीत मराठी वैमानिक कुटुंबांची जी वस्ती आज आहे, तिचा बराचसा भाग अशाच पडझडीतून तिकडे गेला आहे.

त्याच वर्षी एअर इंडियात जुने दुखणे नव्याने उफाळले. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एक झाल्या होत्या, पण दोन्हीकडचे वैमानिक मनाने एक झाले नव्हते. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण आधी कोणाला, यावरून मे २०१२ मध्ये पायलट्स गिल्ड संपावर गेला. संप अठ्ठावन्न दिवस चालला. दोन याद्या कशा जुळवायच्या, हे ठरवायला सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली होती आणि तिचा अहवाल त्याच वर्षाच्या जानेवारीत आला होता. आठ कंपन्यांची एक यादी करून साठ वर्षे लोटत आली होती. दोन कंपन्यांची एक यादी करताना देशाची मुख्य विमानसेवा दोन महिने लंगडली. बाहेरच्या माणसाला हे वैमानिकांचे नखरे वाटले. ज्याला माहीत आहे की त्या क्रमांकाशिवाय आपल्याकडे काहीच नाही, त्याला तो लढा समजतो.

मग आले जेट.

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान हे जेट एअरवेजचे त्या काळातले शेवटचे उड्डाण ठरले. पंचवीस वर्षांहून जुनी कंपनी, सोळा हजारांहून अधिक कर्मचारी, मुंबई हे घर. वैमानिकांचा पगार जानेवारीपासून थकला होता. त्यांच्या नॅशनल एव्हिएटर्स गिल्डने १ एप्रिलपासून पगार नाही तर उड्डाण नाही असे ठरवले, मग कंपनीला संधी मिळावी म्हणून तो दिवस पुढे ढकलला, पुन्हा ढकलला. हे ढकलणे महत्त्वाचे आहे. वैमानिकांच्या हट्टाने कंपन्या बुडतात, असा एक समज आपल्याकडे रुजलेला आहे. जेटचे वैमानिक तीन महिने बिनपगारी उडत होते.

एका रात्रीत शेकडो वैमानिक बाजारात आले आणि टाइप रेटिंगची भिंत सगळ्यांसमोर उभी राहिली. जेटची बहुतेक देशांतर्गत विमाने बोइंग ७३७ होती. इंडिगो आणि गोएअर एअरबसवाल्या. ७३७ उडवणारी मोठी देशी कंपनी म्हणजे स्पाइसजेट. तिने जेटची काही विमाने आणि त्यांबरोबर काही वैमानिक घेतले. विस्तारा या कंपनीने काही घेतले. बाकीच्यांनी एअरबसचे रेटिंग घेऊन खालच्या सीटवर, खालच्या पगारावर सुरुवात केली. कॅप्टनच्या चार पट्ट्या उतरवून तीन पट्ट्या लावणे हे वरवर कापडाचे काम, पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ते रोज आरशासमोर करावे लागते. घराचे हप्ते चार पट्ट्यांच्या पगारावर ठरलेले असतात.

जेटच्या वैमानिकांपैकी एकाची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. साताऱ्याच्या पाटण भागातले अमोल यादव जेटमध्ये वैमानिक असताना कांदिवलीच्या चारकोपमधल्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधत होते. २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांच्याशी पालघरमध्ये कारखान्यासाठी पस्तीस हजार कोटींचा सामंजस्य करार केला. उड्डाणाची परवानगी मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे जेट बंद पडल्यावर सहा महिन्यांनी. ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते विमान उडाले. नोकरीत असतानाच दुसरे काही उभे करत राहण्याची ही जिद्द विलक्षण आहे. पण तो सर्वांसाठीचा मार्ग होऊ शकत नाही. त्यासाठी घरदार गहाण टाकणारे कुटुंब लागते आणि गच्ची लागते.

अमेरिकेत अशा वेळी फर्लो नावाची व्यवस्था चालते. तिचा मूळ नियम सोपा आहे. धंदा मंदावला की यादीच्या तळापासून वैमानिकांना घरी पाठवतात. त्यांचा पगार थांबतो, पण क्रमांक जात नाही. धंदा सावरला की त्याच क्रमाने उलटे परत बोलावतात आणि ते परत येईपर्यंत नवी भरती करत नाहीत. २००१ च्या सप्टेंबरनंतर हजारोंना घरी जावे लागले, काहींना परत यायला अनेक वर्षे लागली. १ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकन एअरलाइन्सने सर्व विभागांतले मिळून एकोणीस हजार आणि युनायटेडने तेरा हजारांहून जास्त कर्मचारी असेच घरी पाठवले. सरकारची मदत मिळाल्यावर डिसेंबरात बोलावून घेतले. व्यवस्था क्रूर आहे, पण तिला परतीची वाट आहे आणि ती करारात लिहिलेली आहे.

आपल्याकडेही या कल्पनेचे बीज कायद्यात आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५-जी सांगत होते की कपात करताना शेवटी आलेला आधी जाईल, आणि २५-एच सांगत होते की पुन्हा भरती करताना कपात झालेल्याला प्राधान्य मिळेल. पण ही कलमे होती कामगारांसाठी. लाखोंचा पगार घेणारा, विमानातला प्रमुख अधिकारी असलेला वैमानिक या कायद्याच्या अर्थाने कामगार आहे की नाही, यावर न्यायालयांत वारंवार वाद झाले आहेत. कंपन्यांनी नाही म्हणायचे, वैमानिकांनी हो म्हणायचे, आणि निकाल लागेपर्यंत परवाना शिळा व्हायचा. हा प्रश्न एकदाचा कायद्याच्या भाषेत सोडवला गेला नाही, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोठे दुर्लक्ष वाटते.

म्हणून २०२० च्या साथीत भारतातली पद्धत अमेरिकेपेक्षा वेगळी दिसली. २५ मार्चपासून दोन महिने देशांतर्गत उड्डाणे पूर्ण बंद राहिली. एअर इंडियाने निवृत्तीनंतर कराराने घेतलेल्या सुमारे दोनशे वैमानिकांचे करार एप्रिलमध्येच थांबवले. जुलैमध्ये तिने सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बिनपगारी रजेची योजना आणली. इंडिगोने जुलैमध्येच दहा टक्के कर्मचारी कमी केले आणि उरलेल्या वैमानिकांना दर महिन्याला काही दिवस बिनपगारी रजेवर ठेवले. गोएअरचे बहुतेक लोक घरी बसले.

ऑगस्ट २०२० मध्ये एअर इंडियाने सुमारे पन्नास वैमानिकांच्या सेवा संपवल्या. त्यांतल्या बहुतेकांनी आदल्या वर्षी दुसरीकडे जाण्यासाठी राजीनामे दिले होते आणि नोटीसची मुदत चालू असतानाच ते मागे घेतले होते. कंपनीने जुने राजीनामे बाहेर काढून स्वीकारले. १ जून २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून त्यांना परत घ्यायला सांगितले. नोकरी बदलावी की नाही या घालमेलीची एवढी स्वच्छ नोंद न्यायालयाच्या कागदावर क्वचितच सापडते: आधी जावेसे वाटले, मग थांबावेसे वाटले, आणि दोन्हींच्या मधल्या सहा महिन्यांत जग बदलले.

त्याच ऑगस्टच्या ७ तारखेला दुबईहून अडकलेल्या भारतीयांना घेऊन आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवरून घसरून दरीत गेले. दोन्ही वैमानिकांसह एकवीस जण मृत्यू पावले. विमानाचे कॅप्टन दीपक साठे यांचे वृद्ध आईवडील नागपुरात होते. हवाई दलात बावीस वर्षे, तिथे स्वोर्ड ऑफ ऑनर, कसोटी वैमानिक म्हणून काम, आणि त्यानंतर नागरी विमानसेवा, असा त्यांचा प्रवास. हवाई दलातून विमान कंपनीत येणे ही महाराष्ट्रातल्या कितीतरी वैमानिकांची वाट आहे. १९४६ साली युद्धावरून परतलेल्यांची होती तीच.

साथ ओसरली आणि चक्र पुन्हा फिरले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये जेटचे माजी मुख्याधिकारी विनय दुबे यांची आकासा मुंबईहून उडू लागली. मे २०२३ मध्ये गोफर्स्ट, म्हणजे पूर्वीची गोएअर, दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी आकासाचे ४३ वैमानिक नोटीसची मुदत न पाळता निघून गेले आणि कंपनीने त्यांच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. एका बाजूला बंद पडलेल्या कंपनीचे वैमानिक दारोदार, दुसऱ्या बाजूला सोडून गेलेल्या वैमानिकांवर खटला. एकाच शहरात, एकाच वर्षी. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणासाठी निघालेला एक कॅप्टन गेटजवळ कोसळून मरण पावला आणि वैमानिकांच्या विश्रांतीची चर्चा देशभर झाली. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नवे नियम त्यानंतर घडले, लांबले, न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. दुसऱ्या टप्प्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीला फेब्रुवारीपर्यंतची तात्पुरती सूट दिली गेली. राजाध्यक्षांनी १९४७ मध्ये रेल्वेसाठी विचारलेल्या प्रश्नाला, चालवणाऱ्याला पुरेशी झोप मिळेल एवढी माणसे नेमली आहेत का, विमान कंपन्यांना अठ्ठ्याहत्तर वर्षांनी द्यावे लागलेले उत्तर असे होते.

आता पुन्हा भरतीचे दिवस आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने वर्षाला १८० वैमानिक घडवणारी, ३४ प्रशिक्षण विमानांची शाळा २०२४ मध्ये जाहीर केली. त्याच विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. गोंदियाजवळच्या बिरसीला २००८ पासून प्रशिक्षण संस्था आहे, शिरपूरला आणि बारामतीलाही आहेत. बुलढाणा, वाशीम, अकोल्यातल्या मुलामुलींना पूर्वी परदेशात किंवा उत्तरेत जावे लागे, ते आता काही तासांच्या अंतरावर येते आहे, हे निखळ चांगले आहे. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उडावे लागते आणि त्याचा खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो. शेतकरी घरात एवढे पैसे कर्जाशिवाय येत नाहीत. मूल शाळेत घालण्याआधी आईवडिलांनी बाँड किती वर्षांचा, टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा, कंपनीने भरती लांबवली तर हप्त्यांचे काय, हे लेखी विचारावे. आणि ज्या राज्याने तीस वर्षांसाठी विमानतळाची जमीन दिली, त्याने कपात झालेल्या वैमानिकाला परत बोलावण्याचा हक्क करारात यावा म्हणून आपले वजन वापरावे.

जेटच्या वैमानिकांचे काय झाले? कंपनी नव्या मालकांच्या हाती देऊन पुन्हा उडवण्याची योजना दिवाळखोरी न्यायाधिकरणाने मान्य केली होती. ती अमलात आली नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. तोपर्यंत शेवटच्या उड्डाणाला साडेपाच वर्षे झाली होती आणि जेटचे कित्येक जुने सहवैमानिक दुसऱ्या कंपन्यांत कॅप्टन झाले होते. २०१९ च्या पहिल्या तीन महिन्यांचा पगार मागणाऱ्यांच्या यादीत त्यांची नावे अजून होती.